चुकीच्या माईकसमोर वाजलेली २७ आवर्तनं

अमेरिकेतला जॅझ पियानोवादक आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन याचा न्यूपोर्टचा कार्यक्रम ऐकायचा असेल, तर १९५६ साली निघालेली एलपी बाजूला ठेवा आणि १९९९ साली आलेला दोन सीडींचा संपूर्ण संच ऐका. जॅझ ऐकणाऱ्या मित्रांशी माझा यावरून नेहमी वाद होतो. त्यांचं जुन्या रेकॉर्डवर प्रेम आहे आणि ते मला कळतं. पण त्या रात्री मंचावर जे वाजलं, त्यातलं बरंचसं त्या रेकॉर्डवर नाहीच.

ती रात्र ७ जुलै १९५६ ची. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातलं न्यूपोर्ट, उघड्या मैदानातला जॅझ महोत्सव. एलिंग्टन ५७ वर्षांचा होता आणि त्याचे दिवस सरले असं बरेच जण बोलत होते. महायुद्धानंतर बिग बँडचा, म्हणजे जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदाचा, खर्च कुणाला परवडेनासा झाला होता, एकेक करून बँड बंद पडत होते. एलिंग्टन स्वतःच्या गाण्यांच्या रॉयल्टीतून पंधरा-सोळा वादकांचा संसार चालवत होता. आदल्या वर्षी तर त्याच्या बँडने न्यूयॉर्कमध्ये पाण्यावरच्या करमणुकीच्या खेळाला साथ करण्याचं काम घेतलं होतं. न्यूपोर्टला सुरुवातीलाच काही वादक जागेवर नव्हते. दोन-तीन तुकडे वाजवून बँड खाली उतरला, तो जवळजवळ तीन तास ताटकळला. पुन्हा पाळी आली तेव्हा मध्यरात्र व्हायला आली होती आणि लोक घरी निघाले होते.

आधी महोत्सवासाठी मुद्दाम रचलेली तीन भागांची नवी रचना झाली. लोकांनी बऱ्यापैकी टाळ्या दिल्या. मग एलिंग्टनने १९३७ सालची जुनी जोडी काढली, ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’. मूळ रेकॉर्डच्या दोन बाजूंवर दोन भाग. पहिल्यात आवाज उतरत जातो, दुसऱ्यात चढत जातो. मधली जागा भरायचं काम पॉल गोन्साल्विस या टेनर सॅक्सोफोनवाल्याकडे. साथीला फक्त पियानो, बास आणि ड्रम. बारा मात्रांची नव्हे, बारा बारची (एक बार म्हणजे चार मात्रांचा खंड) ब्लूजची चौकट, पुन्हा पुन्हा फिरणारी. आपल्या कानाला ही आवर्तनं लगेच ओळखू येतात. गोन्साल्विसने अशी २७ आवर्तनं वाजवली.

हे ऐकताना विजेच्या वेगाच्या ताना शोधू नका. गोन्साल्विस तसं काही करत नाही. छोटे छोटे, साधे तुकडे तो ठेक्यावर बसवत जातो आणि ठेका ढळू देत नाही. सातव्या-आठव्या आवर्तनाच्या आसपास मैदानातून आवाज यायला लागतात. काळ्या पोशाखातली सोनेरी केसांची एक बाई उठून नाचायला लागली आणि तिच्यामागे माणसं उठली. मंचाच्या कडेला जो जोन्स बसला होता, काउंट बेसीच्या बँडचा पूर्वीचा ड्रमर. तो गुंडाळलेलं वर्तमानपत्र मंचावर आपटत बँडला ठेका देत होता. एलिंग्टन पियानोवरून ओरडून गोन्साल्विसला पुढे ढकलत होता. सुमारे ७,००० माणसं होती. आयोजक जॉर्ज वाइनला गर्दी हाताबाहेर जाईल अशी धास्ती वाटली, त्याने थांबायच्या खुणा केल्या, पण एलिंग्टन थांबला नाही. ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टनचं चित्र होतं.

आता दुखण्याची जागा. मंचावर दोन माईक होते, एक कोलंबिया रेकॉर्ड कंपनीचा आणि दुसरा ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या सरकारी नभोवाणीचा. गोन्साल्विस नभोवाणीच्या माईकसमोर उभा राहिला. त्यामुळे कोलंबियाच्या टेपवर त्याच्या आयुष्यातलं सर्वात मोठं वादन लांबून, पडद्याआडून आल्यासारखं नोंदलं गेलं. त्यात नव्या रचनेची तालीम पुरेशी झाली नव्हती, म्हणून एलिंग्टन नाराज होता. सोमवारी, ९ जुलैला, बँड न्यूयॉर्कच्या स्टुडिओत गेला. रचना पुन्हा वाजवली, निवेदनंही पुन्हा बोलून घेतली आणि त्यांवर टाळ्या चिकटवल्या. गोन्साल्विसचं वादन मात्र न्यूपोर्टचंच ठेवलं, त्या अंधुक आवाजासकट. एलिंग्टनच्या साऱ्या कारकिर्दीत सर्वात जास्त खपलेली रेकॉर्ड ती हीच.

आपली नवी रचना कच्ची बाहेर जाऊ नये असं एलिंग्टनला वाटलं, त्यात मला काही गैर वाटत नाही. स्टुडिओत वाजवलं, तर स्टुडिओतलं म्हणून द्यावं. पण टाळ्या चिकटवणं मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही. दाद ही मैफलीचा भाग असते, ती वाजवणाऱ्याला पुढची जागा सुचवते. न्यूपोर्टला त्या रात्री नेमकं तेच घडलं होतं. माणसांच्या ओरडण्याने गोन्साल्विसचं पुढचं आवर्तन पेटत होतं. जिथे खरी दाद इतकी होती, तिथे उसनी दाद आणून लावली.

१९९६ साली नभोवाणीची टेप वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. त्या टेपवर गोन्साल्विस स्वच्छ, समोर, श्वासासकट होता. निर्माता फिल शाप याने दोन्ही टेपा जुळवायला घेतल्या. काम किचकट, कारण दोन यंत्रांचा वेग तंतोतंत सारखा कधीच नसतो, टेपा एकमेकींपासून सरकत राहतात. शेवटी एक टेप एका बाजूला, दुसरी दुसऱ्या बाजूला ठेवून त्या मोनो नोंदींचं स्टिरिओ झालं आणि एलिंग्टनच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९९ मध्ये, ते बाजारात आलं. हे खरं स्टिरिओ नाही अशी तक्रार काही जाणकार करतात. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे. पण यात जे ऐकू येतं ते सगळं त्या मंचावरचं आहे, आणि मला तेवढं पुरतं.

गोन्साल्विस हे आडनाव वाचून गोव्याची मंडळी थबकली असतील. पॉलचे आईवडील केप व्हर्डे बेटांवरचे, म्हणजे तीही पोर्तुगीजांचीच वसाहत. १९६३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने हा बँड आशियात पाठवला, तेव्हा तो दिल्लीला आला आणि मुंबईलाही. मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत तेव्हा गोव्याचे वादक भरपूर होते. पॉलच्या आडनावाचेही असणारच.

मला आभार मानायचे आहेत ते नभोवाणीचे आणि ग्रंथालयाचे. शीतयुद्धात परदेशी श्रोत्यांना जॅझ ऐकवण्यासाठी ती टेप केली होती, तिचं काम तेव्हाच संपलं होतं. ती पुसून त्यावर दुसरं काही भरता आलं असतं, तसं जगभरच्या नभोवाणी केंद्रांत सर्रास व्हायचं. इथे कुणीतरी ती ठेवली. काय निघेल हे माहीत नसताना ठेवली. जुन्या टेपांना ‘अडगळ’ म्हणणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला ही चौदा-पंधरा मिनिटं सक्तीने ऐकवावीत असं मला मनापासून वाटतं.

त्या संचात स्टुडिओत बनवलेले भागही दिले आहेत, तेव्हा माझ्यावर विसंबू नका, दोन्ही लागोपाठ ऐका. आणि गोन्साल्विस संपल्यावर सीडी बंद करू नका. लोक घरी जायला तयार नाहीत म्हणून एलिंग्टन बँडमधल्या जॉनी हॉजेस या आल्टो सॅक्सोफोनवाल्याला पुढे करतो. तो त्या सगळ्या खवळलेल्या गर्दीसमोर संथ लयीत आधी ‘आय गॉट इट बॅड’ आणि मग ‘जीप्स ब्लूज’ वाजवतो.