पहिल्याच दिवशी पोटभर नको

फॉस्टरसाठी, म्हणजे दत्तक जाईपर्यंत तात्पुरतं सांभाळायला, घरी आणलेल्या हाडकुळ्या कुत्र्याला 'पहिल्या दिवसापासून पोटभर दूधभात द्या', हा एका लेखात वाचलेला सल्ला मायेचा असला तरी जिवावर बेतू शकतो. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भात, पोळी, ग्लुकोज बिस्किटं मिळाली की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं. मग पाय लटपटतात, झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. हे लगेच नाही, दोन-चार दिवसांनी दिसतं. 'चांगला खात होता, अचानक गेला' यामागे हेही असू शकतं.

आत्ताचं वजन १५ किलो असलेल्या कुत्र्याला पडून राहायलाच दिवसाला सुमारे ५३० किलोकॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्याच्या पाव भाग, म्हणजे साधारण ३५ ग्रॅम कोरडं डॉग फूड, तेही कोमट पाण्यात भिजवून चार-सहा वेळा विभागून. जुलाब, उलटी नसेल तर रोज थोडं वाढवत चार-पाच दिवसांत पूर्ण मात्रेवर यायचं. प्रथिनं-स्निग्धांश जास्त असलेलं रिकव्हरी फूड (आजारातून सावरणाऱ्या प्राण्यांसाठीचं खाणं) मिळालं तर उत्तम. दूध मात्र नकोच, जुलाब होऊ शकतात. रक्त तपासताना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि टिक फीवरच्या (गोचीड तापाच्या) तपासणीवर थांबू नका, फॉस्फरस-पोटॅशियम सांगून करून घ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा करा. नसबंदीची घाई दत्तक घेणाऱ्यांनीही करू नये, आधी वजन भरू द्या.