दत्तात्रयात ‘तीन’ आले कुठून?

सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर बारशाचं कार्ड आलं. पोराला पणजोबांचं नाव ठेवलंय, दत्तात्रय. वाचून बरं वाटलं. खाली सोनेरी अक्षरांत : ‘अर्थ – तीन देवांचा एकत्रित अवतार’. झालं! डोकं फिरलं.

अहो, त्रय म्हणजे तीन. ते असतं तर नाव ‘दत्तत्रय’ झालं असतं. मधला ‘ता’ कुठून आला, हे कार्ड छापेपर्यंत घरात एकालाही विचारावंसं वाटू नये? दत्त अधिक आत्रेय, असं ते नाव आहे. कुंतीचा कौंतेय, गंगेचा गांगेय, तसा अत्रींचा आत्रेय. पहिल्या अ चा आ होतो, शेवटची इ गळते, एय लागतो. इकारान्त नावांना असा एय लागतो, हे संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं सूत्रच आहे, ‘इतश्चानिञः’. मग दत्तमधला शेवटचा अ आणि आत्रेयचा आ मिळून ‘ता’. मराठी तोंडात एय चा अय झाला, आणि लोकांना त्यात ‘त्रय’ दिसायला लागला.

दत्त म्हणजे दिलेला. दत्तकमधला दत्त तोच. भागवतात अत्रींनी अपत्य मागितलं, तर देव म्हणाला मी स्वतःलाच दिलं, म्हणून दत्त. कार्डवाल्यांनी हेही बघावं, की त्याच भागवतात अत्रि-अनसूयेला तीन वेगळे मुलगे आहेत : ब्रह्मदेवाच्या अंशाचा सोम, विष्णूच्या अंशाचा दत्त, शंकराच्या अंशाचा दुर्वास. म्हणजे तिथला दत्त एकट्या विष्णूचा!

त्रिमुखी मूर्ती घरोघरी आहे, आरतीत त्रैमूर्ती आहे, तेव्हा तीन आठवणारच. बरं, मान्य. पण तो मूर्तीचा अर्थ झाला, नावाचा नाही.

त्याच कार्डाखाली कुणीतरी लिहिलं, ‘किती जुनं नाव!’ जुनं आहेच की. १७६० च्या जानेवारीत दिल्लीजवळ बुराडी घाटावर लढताना पडलेले मराठा सरदार दत्ताजी शिंदे, आपल्या पुण्याचे इतिहासकार दत्तो वामन पोतदार, आणि घरी मराठी बोलून कन्नडमध्ये ज्ञानपीठापर्यंत गेलेले कवी दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. दत्ता, दत्तू, दत्तोबा, दत्तोपंत, एका नावाला वयाप्रमाणे इतकी रूपं! आजकालच्या दोन अक्षरी नावांना हे जमतं का? शाळेत दत्तू म्हणून चिडवतील, चिडवू देत. त्या आईबापांनी नाव ठेवलं हेच खूप आहे, मी उगाच सकाळपासून तणतणतोय.

फक्त एक करा. जन्मनोंद नावाशिवाय झाली असेल तर नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव घाला, शुल्क लागत नाही. नंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. त्याआधी त्रय की त्रेय ते घरात ठरवा, आणि इंग्रजीत शेवटी ‘ए’ लावायचा की नाही तेही. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, दहावीच्या मार्कशीटवर तिसरं झालं की पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्रं आणि राजपत्राच्या मागे पळावं लागतं.