किराणा किट घेतल्याने सरकारी मदत बंद होत नाही

वैनगंगेकाठच्या आपल्या पूर आलेल्या गावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'संस्थेचं किट घेतलं की पंचनाम्यातून नाव कटते.' हे साफ खोटं आहे. काल एका म्हाताऱ्या मायने याच भीतीपायी तांदूळ-डाळीची थैली परत केली. घरात चुलीपर्यंत चिखल, धानाच्या बांधीत रेती. फार वाईट वाटलं.

पंचनामा नुकसानीचा होतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक किती पीक गेलं, घर किती पडलं ते लिहितात. कोणी काय दान दिलं, याचा त्यात रकानाच नाही. 2020 च्या ऑगस्टमधल्या महापुरातही संस्थांची मदत आणि सरकारी अनुदान दोन्ही वेगवेगळी आली होती.

पीक विमाही वेगळा. अनुदान खरं अडकतं ते खातं आधारशी जोडलेलं नसलं की. ते आधी तपासा.

आणि देणाऱ्या भावांनो, जुने कपडे नका पाठवू, मागच्या वेळचे शाळेच्या व्हरांड्यात ओले होऊन सडले. ताडपत्री द्या, गंज-भांडी द्या.