रुळावरची करवत

आठ बाय चारची प्लायची शीट आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही, हे मला या घरात १९ वर्षं काढल्यावर कळलं. तोवर लिफ्टनं माणसं, भाजी आणि दरवर्षी गणपती एवढंच नेलं होतं. शीट जिन्यानं चढवावी लागली. १८ मिलिमीटर जाडीची मरीन प्लाय भरते ३५ किलोच्या आसपास, पण ते झालं दुकानातलं वजन. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक कोपरा भिंतीत रुतलेला, दुसरा माझ्या बरगडीत, अशा अवस्थेत समोरचं दार उघडून कुणी "काय, फर्निचर वाटतं?" असं विचारलं की त्यात निदान पाच किलोंची भर पडते.

सगळ्याचं मूळ एक कोनाडा. आमच्या पॅसेजमध्ये बिल्डरनं तीन फुटांचा कोनाडा सोडलाय. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तिथं पुस्तकांचं कपाट हवं, असं बायको म्हणाली. सुताराला बोलवा, असा त्याचा अर्थ होता. मी "करतो की" म्हणालो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात मी एक स्टूल केलं होतं आणि ते अजून उभं आहे. भिंतीला टेकून, पण उभं आहे.

माझं वर्कशॉप म्हणजे ड्राय बाल्कनी. सात फूट बाय चार फूट, त्यातली अर्धी वॉशिंग मशीनची. उरलेल्या जागेत मी, रंधा, दोन पटाश्या, काटकोन तपासायचा वडिलांचा गुण्या आणि एक हातातली गोल करवत. त्या करवतीनं मी पहिली फळी कापली. पेन्सिलची रेघ सरळ होती, काप मात्र तिच्याकडे अधूनमधून भेटीला येत होता. बायकोनं कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "अहो, हा वरंधा घाट आहे की ताम्हिणी?"

तेव्हा मी ठरवलं, आता ट्रॅक सॉ घ्यायचा.

ज्यांच्या घरात शांतता आहे त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॅक सॉ म्हणजे रुळावरची करवत. ॲल्युमिनियमचा एक लांब रूळ फळीवर ठेवायचा. त्याच्या पोटाला रबरी पट्ट्या असतात, त्यामुळे तो घसरत नाही. करवत त्या रुळावर बसते, दाबली की पातं खाली उतरतं आणि पुढे ढकललं की सरळ जातं. वाकडं जायची तिला मुभाच नसते. रुळाच्या कडेला एक पातळ रबरी ओठ असतो, खरी गंमत त्याची. गोल पातं फळीतून वर येताना वरच्या थराचे तंतू उचकटतं, म्हणून साध्या करवतीनं कापताना चांगली बाजू खाली ठेवायची असते. इथे तो ओठ तंतू दाबून धरतो, म्हणून चांगली बाजू वर. मी हे पाठ केलं आणि तरी पहिल्याच शीटला उलटं केलं, पण ते पुढे.

टेबल सॉ का नाही, असं कुणी विचारेल. टेबल सॉमध्ये करवत जागच्या जागी आणि फळी सरकते. आठ फुटांची फळी सरकवायची तर आठ फूट अलीकडे लागतात आणि आठ फूट पलीकडे. म्हणजे मी आमच्या हॉलमध्ये, आणि फळीचं दुसरं टोक शेजाऱ्यांच्या देवघरात. रुळाच्या करवतीचं बरं असतं. फळी जमिनीवर निवांत पडून राहते आणि आपण तिच्याभोवती रांगतो. गुडघे हा भाग कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात नाही.

इथपर्यंत यायला मला एक संध्याकाळ लागली. कुठला घ्यायचा हे ठरवायला आठ महिने.

दोनशे पानी वही आणली. समास आखले. पात्याचा व्यास, वॅट, फेरे, कापायची खोली, भुशाच्या नळीचं तोंड. या यंत्रांची पाती साधारण १६० ते १६५ मिलिमीटरची आणि खोली ५५च्या आसपास. म्हणजे सगळ्यांचे आकडे जवळजवळ सारखेच, आणि आकडे सारखे असले की माणूस वेडा होतो. फरक असता तर अर्ध्या तासात ठरलं असतं.

त्यात कंपन्याकंपन्यांच्या रुळांचं जातकारण. फेस्टूलच्या रुळावर मकिताची करवत चालते, मकिताच्या रुळावर फेस्टूलची. त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार आहे. बॉश आणि माफेल यांचा रूळ एकाच घडणीचा. सगोत्र असूनही जमलेलं हे एकच स्थळ माझ्या माहितीत. डीवॉल्टचा रूळ दोन्ही कडांनी कापू देतो, पण तो आपल्याच घरचा, बाहेर फारसा मिसळत नाही. म्हणजे करवत निवडायची नसते, घराणं निवडायचं असतं. पुढे लागणारे क्लॅम्प, जोडपट्ट्या, दुसरा रूळ, सगळं त्याच घराण्यातून येणार.

एका रात्री साडेअकराला मी वहीत ४८ दातांच्या पात्याखाली दुहेरी रेघ मारत असताना बायकोनं विचारलं, "आपण हा फ्लॅट किती दिवसांत पसंत केला होता हो?"

"दिवस कसले? एका दुपारी."

"तेच म्हटलं," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

मग भाच्याचा फोन. तो न्यू जर्सीत असतो आणि डिसेंबरात येणार होता. "मामा, इथून आणतो की, तिथल्यापेक्षा स्वस्त पडेल." मी तीन दिवस हवेत. चौथ्या दिवशी लक्षात आलं, तिकडची वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० ची. तिकडचं यंत्र आपल्या भिंतीत खुपसलं की ते एकदाच गाणार. मधे ट्रान्सफॉर्मर लावायचा तर वॉशिंग मशीनला घर सोडावं लागलं असतं. "मग बॅटरीवरचं घे ना," भाचा म्हणाला. बॅटरीवरचं! पण सुटी लिथियम बॅटरी विमानात सामानात टाकता येत नाही, ती हातात हवी. आणि करवत हातात चालत नाही, ती सामानात हवी. म्हणजे करवत विमानाच्या पोटात आणि बॅटरी भाच्याच्या मांडीवर. बॅटरी १०० वॅट-अवरच्या आत असली तर वेगळी परवानगी लागत नाही. १८ व्होल्टची ५ अँपिअर-अवरची ९० भरते, हा गुणाकार मी रात्री दोन वाजता केला आणि मला कृतकृत्य वाटलं. सकाळी कळलं की चार्जर पुन्हा १२० व्होल्टचाच. भाच्याला सांगितलं, तू आपला मुलांना घेऊन ये, बदाम आण.

एकदा डेक्कन क्वीननं मुंबईलाही जाऊन आलो. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची दुकानं दाटीनं आहेत. पान्यांचे हार लटकत असतात, हमाल अंगावरून जातात, आणि माझ्यासारखा माणूस तिथे दोन पायांवर उभा असलेला मोक्ष अनुभवतो. पहिल्या दुकानात ट्रॅक सॉ म्हटल्यावर त्यांनी चार इंची कटर काढला, तोच फरशी कापायचा. "ट्रॅक?" मी विचारलं. त्यांनी ॲल्युमिनियमची एक पट्टी काढली. "हा ट्रॅक. शेठ, सगळी बॉम्बे ह्याच्यावर कापते." मी मंद हसलो. आठ महिने अभ्यास केलेल्या माणसाचं ते हसू होतं. आज आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

शेवटी घेतला. कुठला ते सांगत नाही, कारण ज्यांनी दुसरा घेतलाय ते फोन करतात. १३०० वॅटचा, प्लगवाला. घरातल्या ६ अँपिअरच्या प्लगवर तो जेमतेम बसतो. त्याच एक्स्टेंशनवर मी व्हॅक्यूम क्लीनरही लावला आणि एमसीबीनं आपलं मत कळवलं. व्हॅक्यूमची नळी यंत्राच्या तोंडात बसेना म्हणून सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली. एवढ्या नेटक्या यंत्राला ती ट्यूब म्हणजे सुटाबुटातल्या माणसानं कानाला मफलर बांधावा तशी दिसते.

रुळाचंही एक झालं. शीट २४४० मिलिमीटर, म्हणजे रूळ त्याहून लांब हवा. तीन मीटरचा सलग रूळ मिळतो, पण आमच्या जिन्याच्या वळणावर तीन मीटर वळत नाही. हे मी घरमालकाच्या अधिकारानं, कपडे वाळत घालायच्या दोन काठ्या बांधून तपासलं. वॉचमन दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होता. म्हणून १४०० चे दोन रूळ आणि मधे जोडपट्टी.

खंडेनवमीला बायकोनं यंत्राला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मी रबरी ओठाचा पहिला काप घेतला. तो आयुष्यात एकदाच. नवा ओठ मुद्दाम थोडा बाहेर असतो, आपल्याच पात्यानं तो छाटायचा, म्हणजे पुढे ओठाची कड हीच कापाची रेघ. विहीण पहिल्यांदा जेवायला यावी इतक्या धाकात मी तो घेतला. सरळ आला. डोळ्यांत पाणी आलं, अर्थात भुशामुळे.

मग शीट हॉलमध्ये आडवी केली. खाली काहीतरी मऊ हवं, ज्यात पातं दोन मिलिमीटर उतरलं तरी चालेल. माळ्यावर आमच्या जुन्या मखराचे थर्माकोल होते. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा ते टाकायचे कुठे हे न कळल्यामुळे आम्ही ते जपले होते. त्यातल्या गजलक्ष्मीच्या कमानीवर मी मरीन प्लाय ठेवली, नीट कौतुकानं, चांगली बाजू खाली.

खोली २० मिलिमीटर लावली, यंत्र सोडलं. रेघ सुरेख आली. फळी मात्र सुटी होईना. खोलीचा आकडा काही यंत्रांवर रूळ धरून असतो, काहींवर न धरता. माझ्यावर न धरता होता. रुळानं आपले चारपाच मिलिमीटर मधल्यामध्ये कापून घेतले, दलालासारखे. दुसऱ्यांदा खोली वाढवली. आता फळीही सुटली, कमानही सुटली, आणि थर्माकोलचे पांढरे मणी पंख्याच्या वाऱ्यावर निघाले. ते अजून सापडतात. परवा आमटीत सापडला.

काप बघितला तर मधोमध किंचित फुगलेला. दोन रूळ जोडताना जोड रेषेत नव्हता. रेषेत आणायला रुळाहून सरळ असं काहीतरी कडेला लावावं लागतं. घरात सरळ काय आहे? दाराची चौकट नाही. टीपॉय नाही. माझ्या हातचं स्टूल तर नाहीच. शेवटी खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. नागौरकडचे, पुण्यात पंचवीस वर्षं झालेली. त्यांनी आपली ॲल्युमिनियमची पट्टी दिली. नागदेवीतली होती तशीच. आणि स्वतःही वर आले.

मी यंत्र दाखवलं. त्यांनी पातं पाहिलं, रूळ पाहिला, ओठाला हात लावून "वा" म्हणाले, आणि ते मनापासून होतं. मग विचारलं, "साहेब, किती कपाटं करायची?"

"एकच."

ते काही बोलले नाहीत. चहा पूर्ण प्यायले.

त्यांच्या पट्टीला टेकवून माझे दोन्ही रूळ सरळ झाले. पुढचे नऊ काप असे आले की दोन फळ्या कडेला कड लावल्या तर मधून उजेडसुद्धा जाईना. चार दिवसांत कपाट जोडलं. कोनाड्याची रुंदी पुढून ९०३ मिलिमीटर, मी कपाट केलं ८९९. चार मिलिमीटरची मोकळीक, दोन इकडे, दोन तिकडे. बायकोला हाक मारली, मुलीला मोबाइल धरायला लावला, आणि ढकललं.

कपाट अर्ध्यात अडकलं.

पुन्हा मोजलं. मागे कोनाडा ८८५. वडिलांचा गुण्या कोपऱ्यात धरला तर त्याच्या आणि भिंतीच्या मधून अख्खी फळी सरकली असती, कारण फरक बरोबर १८ मिलिमीटरचा. माझ्या एकूणएक कडा काटकोनात होत्या. माझ्याच त्या हट्टामुळे पॅसेज अडला. दोन दिवस सगळे कुशीवर होऊन बाथरूमला जात होते.

आता सांगतो ते अभिमानानं सांगतो. तिरपा काप घ्यायचा तर टेबल सॉला वेगळा साचा करावा लागतो. रुळाच्या करवतीला कशाचीच समांतर कड लागत नाही. फळीवर दोन खुणा करा, एक पुढची, एक मागची, रुळाचा ओठ दोन्ही खुणांवर ठेवा, झालं. भिंत जशी पळत होती तशीच मी फळी पळवली. कपाट उघडलं, वरची, खालची आणि मधल्या चारही फळ्या तिरप्या केल्या, पुन्हा जोडलं. ते कोनाड्यात गेलं तेव्हा हवा बाहेर पडल्याचा 'फुस्स' असा आवाज आला.

बायको कपाटासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "म्हणजे सरळ कापणारं यंत्र तुम्ही आठ महिने शोधलंत, ते वाकडं कापायला."

पुस्तकं लागली. पण गुण्या हातात होता, म्हणून मी सहज स्वयंपाकघराचा कोपरा बघितला. मग बेडरूमचा. मग देव्हाऱ्यामागचा. सगळ्यांची नोंद वहीत केली, पानं उरली होतीच. हॉलच्या खिडकीपाशी पोचलो तोवर जेवायची वेळ झाली.

दुसऱ्या दिवसापासून गुण्या सापडत नाहीये. बायको म्हणते, माळ्यावर असेल, थर्माकोलच्या मागे. तुम्ही चढू नका, मी सावकाश बघेन.