दोन प्रीअँपने अँप जळत नाही, स्पीकर आउटने पेडल नक्की जळेल

गणपतीच्या सुपाऱ्या जवळ आल्या की मुंबईतल्या वादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ज्ञानाचा पाऊस पडतो. यंदाचा फॉरवर्ड ‘बेसवाल्यांनो सावधान’ असा सुरू होतो. म्हणणं असं की बाहेरचं प्रीअँप पेडल (बेस गिटारचा सिग्नल वाढवून टोन घडवणारी पायाजवळची डबी) अँपच्या, म्हणजे अँप्लिफायरच्या, इनपुटला लावलं तर अँपमधला एक आणि हा एक असे ‘डबल प्रीअँप’ होऊन अँप जळतो. म्हणून पेडल अँपच्या स्पीकर आउटला लावा आणि तिथून मिक्सरला जा. शिवाय पेडलने 100 वॅटचा अँप 200 वॅटचा होतो, मिक्सरची फँटम पॉवर (मिक्सर केबलमधूनच पाठवतो ती वीज) चालू असेल तर पेडल फुटतं, आणि खरा टोन बोटांत असतो, बाकी सगळी शोबाजी. खाली नेहमीचं ‘जास्तीत जास्त बेसिस्टपर्यंत पोहोचवा’.

पोहोचला. माझ्या भांडुपच्या भाच्याने विचारलं, “मामा, स्पीकर आउटमधून पेडलला जायला कुठली केबल घेऊ?” कुठलीच घेऊ नकोस बाबा. एरवी असल्या मेसेजच्या नादी मी लागत नाही, पण हा प्रश्न वाचल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं.

क्रमाने जात नाही. स्पीकर आउटचं आधी, कारण तिथे खरोखर पैसे जातील.

बेसच्या पिकअपमधून (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकातून) येणारा सिग्नल अगदी लहान असतो, साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास, जोरात स्लॅप मारली तर क्षणभर एक-दीड. प्रीअँप त्याला थोडा मोठा करतो, त्याचा टोन घडवतो आणि पॉवर अँपकडे सोपवतो. पॉवर अँप स्पीकर हलवण्याएवढा जोर देतो. स्पीकर आउट हे त्या रांगेचं शेवटचं टोक. 100 वॅटचा अँप 4 ओहमच्या स्पीकरला पूर्ण ताकदीने चालवत असेल तर त्या जॅकवर 20 व्होल्ट असतात, 300 वॅटचा असेल तर जवळजवळ 35. आणि हे तुम्ही अर्ध्या व्होल्टसाठी बनवलेल्या, 9 व्होल्टवर चालणाऱ्या पेडलच्या तोंडात घालणार?

पेडल गेलं तर एकवेळ सोडून देऊ. आजकालच्या हलक्या क्लास-डी अँपांत बऱ्याचदा स्पीकर आउटची दोन्ही टोकं चालू असतात, त्यातलं एकही अर्थला जोडलेलं नसतं. पेडलच्या जॅकचं बाहेरचं टोक मात्र अर्थला असतं आणि मिक्सरमार्फत ते खऱ्या अर्थिंगपर्यंत जातं. म्हणजे केबल लावली की अँपचं एक टोक सरळ शॉर्ट. नशीब चांगलं असेल तर अँप प्रोटेक्शनला जाऊन गप्प बसेल. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप असेल तर वेगळीच गंमत. त्याला स्पीकरचा लोड लागतोच, आणि कॅब (स्पीकरचं खोकं) काढून तिथे पेडल लावलंत तर लोड नाहीच, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. तो दुरुस्त करून घेण्याचा खर्च एकदा विचारून बघा. थोडक्यात, अँप वाचवायचा सल्ला देणाऱ्या फॉरवर्डमधली अँप मारणारी गोष्ट हीच आहे.

लिहिणाऱ्याने कुठेतरी ‘लाइन आउट’ किंवा ‘डीआय आउट’ (मिक्सरला थेट सिग्नल द्यायचा जॅक) ऐकलं असावं आणि त्याचं स्पीकर आउट केलं असावं. अँपचा आवाज मिक्सरला द्यायचा असेल तर अँपच्या मागे डीआय आउट असतो, तो वापरा. किंवा पेडललाच डीआय असेल तर तिथूनच साउंडवाल्याला लाइन द्या आणि दुसरी केबल अँपच्या इनपुटला. ऑर्केस्ट्रात निम्मे लोक हेच करतात.

आता ‘डबल प्रीअँप’. अ‍ॅक्टिव्ह बेस म्हणजे काय, हे या माणसाला कोणी सांगितलं नाही का? म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे बेस 1976 साली आला, त्याच्या पोटात बॅटरीवर चालणारा प्रीअँप होता. तो बेस लोक तेव्हापासून अँपच्या इनपुटलाच लावतायत. एक प्रीअँप बेसमध्ये, एक अँपमध्ये, झाले दोन. या हिशेबाने जगभरातले अँप कधीच राख व्हायला हवे होते. कित्येक बेस अँपांवर अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह असे दोन इनपुट किंवा एक बटण असतं, ते याचसाठी. जोरकस सिग्नल आला तर 10-15 डेसिबलने खाली आणायचा.

पेडलच्या अंगात तरी किती जोर असणार? 9 व्होल्टवर चालणारं साधं पेडल 9 व्होल्टपेक्षा मोठी लाट काढूच शकत नाही, आरएमएसमध्ये (एक प्रकारच्या सरासरीत) मोजली तर तीनेक व्होल्ट. एवढ्याने अँपचा इनपुट क्लिप होईल, आवाज फाटेल, तुम्ही पेडलची लेव्हल कमी कराल, विषय संपला.

तरी मामाचं ऐकायचं नसेल तर बनवणाऱ्याचं ऐका. टेक 21 चं सॅन्सअँप बेस ड्रायव्हर डीआय हे या जातीतलं सगळ्यात ओळखीचं पेडल, 90 च्या दशकापासून स्टेजवर आहे. ते कंपनीने बनवलंच आहे अनेक प्रकारे वापरायला: नेहमीच्या अँपपुढे पेडल म्हणून, पॉवर अँपला चालवणारा प्रीअँप म्हणून, आणि मिक्सरला जाणारा डीआय म्हणून. बनवणाराच अँपपुढे लावा म्हणतो आणि ग्रुपवरचा अ‍ॅडमिन नको म्हणतो.

एक गोष्ट मात्र, मनाविरुद्ध का होईना, मान्य करतो. दोन प्रीअँप म्हणजे दोन ठिकाणी बेसचे (खालच्या सुरांचे) नॉब, आणि आपल्या पोरांचा हात बेसच्या नॉबवरून हटत नाही. पेडलवर 6 डेसिबल वाढवले, अँपवर आणखी 6, झाले 12. त्या पट्ट्यात स्पीकरकडे मागितलेली ताकद सुमारे 16 पट झाली. खालच्या ई तारेचा मूळ सूर 41 हर्ट्झचा, पाच तारांच्या बेसची बी तर 31 ची. 10 इंची स्पीकरचा छोटा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच डब्यात) तिथे नुसता कोन मागेपुढे आपटत बसतो आणि एक दिवस कॉइल सोडतो. तेव्हा जळतं काहीतरी, हे खरं, पण तो स्पीकर, आणि त्याला जाळतो तुमचा हात. पेडलवर टोन करायचा असेल तर अँपचा ईक्यू (टोनचे नॉब) सपाट ठेवा. (सगळे नॉब बाराच्या काट्यावर म्हणजे सपाट, असंही नाही. जुन्या फेंडर धाटणीच्या अँपांत नॉब मधोमध ठेवले तरी मिड, म्हणजे मधला पट्टा, खाली गेलेला असतो. कानाने बघा.)

अँपचा प्रीअँप पूर्णच टाळायचा असेल तर पेडलमधून थेट अँपच्या ‘इफेक्ट्स रिटर्न’ जॅकला जा. सिग्नल बहुतेक अँपांत तिथून पॉवर अँपलाच पोहोचतो. काही अँपांत मास्टर व्हॉल्यूम वाटेत लागतो, काहींत लागत नाही, म्हणून पेडलची लेव्हल शून्यावर ठेवून सुरू करा आणि हळूहळू वर घ्या. नाहीतर पहिल्याच नोटला शेजारची सोसायटी खाली येईल.

वॅट वाढतात म्हणे. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला म्हणून रिक्षाचं इंजिन मोठं होत नाही. पेडलने अँप लवकर आपल्या मर्यादेला पोहोचतो, मर्यादा तीच राहते.

फँटम पॉवरबद्दल एवढंच: वर सांगितलेलं सॅन्सअँप त्या 48 व्होल्टवर चालतंसुद्धा. सगळी पेडलं चालत नाहीत, म्हणून आपल्या पेडलचं मॅन्युअल वाचा आणि शंका असेल तर साउंडवाल्याला तुमच्या चॅनलची फँटम बंद करायला सांगा. डीआय आणि अँप दोन्ही जोडल्यावर हम (सततचा घुमणारा आवाज) आला तर पेडलवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. हम घालवायला प्लगची अर्थची पिन काढणाऱ्यांच्या जवळही उभे राहू नका.

टोन बोटांत असतो, हो, असतो. पण लालबागच्या मंडपात ढोल आणि दोन कीबोर्डच्या मध्ये तुमची बोटं ऐकू यायला काहीतरी लागतंच ना.

आणि पेडल खरोखर कशाने मरतं, ते फॉरवर्डमध्ये नाहीच. कीबोर्डच्या अ‍ॅडॅप्टरने मरतं. कीबोर्डवाल्याचा जास्तीचा अ‍ॅडॅप्टर पडलेला असतो, पिन बसते, म्हणून लावला जातो. बऱ्याचदा तो 12 व्होल्टचा आणि मधल्या पिनवर प्लस असलेला निघतो, आणि बहुतेक पेडलांना 9 व्होल्ट आणि मध्ये मायनस लागतो. अ‍ॅडॅप्टरवर गोलांचं छोटं चित्र असतं, ते पेडलवरच्या चित्राशी जुळवा आणि मिलिअँपचा आकडा पेडलच्या मागणीपेक्षा कमी नाही ना, ते बघा. लॅमिंग्टन रोडवर मागताना व्होल्ट, मधली पिन आणि मिलिअँप हे तिन्ही सांगा. दुकानदार “सब सेम है” म्हणाला, तर पुढच्या दुकानात जा.