‘१ जीबीपीएस घेतली की सॅन जोडलं’: असं नसतं हो

नाशिकच्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘१ जीबीपीएसची लीज लाइन घ्या, दोन्ही टोकांना एफसीआयपी लावा. अंबडचं आणि पुण्याचं सॅन एकच होतं, डेटा त्याच क्षणी दोन्हीकडे. बॅकअपचा खर्च वाचला!’ (सॅन म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारं खास नेटवर्क, फायबर चॅनल ही त्याची भाषा; एफसीआयपी ती भाषा आयपी लाइनवरून लांब नेतं.) अंबडमध्ये हेच काम करतो, म्हणून राहवलं नाही.

आधी ते ‘त्याच क्षणी’. फायबरमधून प्रकाशाला किलोमीटरमागे साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. पुणे २१० किमी धरलं तर जाऊन-येऊन २ मिलिसेकंद. आमची लाइन मात्र मुंबईचा वळसा घेते, पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) ८ मिलिसेकंद येतं. त्यात फायबर चॅनलवर एका राइटला (डेटा लिहायला) दोन फेऱ्या: इकडून कमांड, तिकडून ‘पाठव’, मग डेटा, मग ‘मिळालं’. झाले १६. सिंक्रोनस ठेवलंत (पुण्याचं ‘मिळालं’ आल्याशिवाय राइट पूर्ण नाही) तर एकामागून एक कमिट करणारा, म्हणजे नोंद पक्की करणारा, डेटाबेस सेकंदाला साठ-बासष्ट कमिटवर अडकतो, लाइन १ जीबीपीएसची असो की १० ची. राइट अ‍ॅक्सिलरेशनने (इकडचा स्विचच ‘पाठव’ म्हणतो) एक फेरी वाचते, दुसरी कुणाच्या बापाला चुकत नाही. एवढ्या अंतरावर आम्ही असिंक्रोनसच ठेवतो: इथे आधी लिहायचं, पुण्याला मागाहून. अपघात झालाच तर शेवटचे काही सेकंद, कधी मिनिटं, गेली म्हणायचं.

१ जीबीपीएस पूर्ण मिळतात हेही गृहीत धरू नका. टीसीपी विंडो (पोच येण्याआधी किती डेटा पाठवता येतो ती मर्यादा) ६४ केबीवर अडकली असेल तर ८ मिलिसेकंदांवर जेमतेम ६५ एमबीपीएस निघतात. सेटिंग बघा, मग लाइनवाल्याला शिव्या द्या.

‘एकच होतं’ हे खरं आहे, आणि भानगड तीच. एफसीआयपी फायबर चॅनलच्या फ्रेम टीसीपीत गुंडाळतं. स्विचला वाटतं, मध्ये साधी केबलच आहे. आम्ही जोडलं तेव्हा दोन्हीकडच्या स्विचचा डोमेन आयडी (सॅनमधला स्विचचा क्रमांक, तो प्रत्येकाचा वेगळा लागतो) १ निघाला. पोर्ट लगेच सेगमेंटेड, म्हणजे जोडणीच नाकारली. ते निस्तरलं तोच नाशिकच्या द्वारकेजवळ जेसीबीने फायबर तोडली (दोन कंपन्यांच्या लाइनी होत्या, चर एकच!). जोडणी दिवसभर येत-जात राहिली आणि सॅन एकच असल्याने पुण्याशी काही देणंघेणं नसलेले अंबडचे सर्व्हरही उचक्या देऊ लागले. आता रेप्लिकेशनचे (पुण्याला नक्कल पाठवणारे) पोर्ट वेगळ्या व्हीसॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवरच्या वेगळ्या आभासी सॅनमध्ये आहेत, बाकीचं एकमेकांना दिसतच नाही.

राहिला बॅकअप. गेल्या दिवाळीत आमच्याच एकाने चुकून चालू टेबल उडवलं. पुण्यातलं टेबल त्याच्यामागोमाग चार सेकंदांत गेलं, रेप्लिकेशन अगदी चोख चाललं होतं. परत आणलं ते आदल्या रात्रीच्या टेपवरून.