खुलासा : अ‍ॅक्वेरियममधली प्रत्येक वनस्पती पाण्याबाहेर जगत नाही

‘उथळ टाकीतलं पाणी कमी करा, अ‍ॅक्वेरियममधली कुठलीही वनस्पती आपोआप पाण्याबाहेर वाढते, पानं वाळली तर खत कमी पडतंय’ असा सल्ला फिरतोय. पहिला भाग अर्धाच खरा, खताचा तर साफ चूक.

अनुबियास, क्रिप्टोकोरीन, रोटाला, लुडविजिया या मुळात दलदलीतल्या किंवा ओढ्याकाठच्या वनस्पती, त्या बाहेर छान वाढतात. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला मात्र पाण्याखालीच जगतात, त्यांच्या वाटेला जाऊच नका.

पाण्याखाली वाढलेल्या पानावर मेणचट थर जवळजवळ नसतो, म्हणून उघड्या हवेत ते काही तासांत कुरकुरीत होतं. कितीही खत घाला, ते पान वाचत नाही. जुळवून घेतात ती नवी पानं. रोटाला रोटुंडिफोलियात हे नीट दिसतं: पाण्याखालचं पान अरुंद, बाहेरचं चक्क गोल.

नवी पानं येईपर्यंत हवा दमट हवी. माती ४-५ सेंमी, पाणी मातीच्या पृष्ठभागाच्या जरासं खाली, वर झाकण म्हणून क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक), प्रकाश १०-१२ तास. रोज थोडा वेळ झाकण उघडा, नाहीतर बुरशी धरते. अनुबियासचं आडवं खोड मातीत पुरू नका, कुजतं. नवी पानं आली की झाकण दर दोन दिवसांनी बोटभर सरकवत न्या. कोवळे शेंडे माना टाकू लागले तर पुन्हा झाका. क्रिप्टोकोरीनची पानं पार विरघळली तरी उपटायची घाई नको. मुळं टणक असतील तर फुटवा येतो.